पात्रता आणि निवड

चंदिगड हे आकड्यांचे शहर आहे. येथे माणूस आळीत, पेठेत किंवा वाडीत राहत नाही. तो सेक्टरात राहतो. नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड सध्या सेक्टर ४३ मध्ये आहे. जवळच हिमाचलाकडे जाणाऱ्या गाड्यांचे मोठे बसस्थानक आहे आणि जिल्हा न्यायालयाची इमारतही आहे. त्यामुळे ज्यांना गावाला जायचे आहे आणि ज्यांना न्याय हवा आहे, अशी दोन्ही प्रकारची माणसे सकाळपासून हातात कागद घेऊन आमच्या रस्त्याने लगबगीने जाताना दिसतात. हिवाळा सुरू झाला की त्यांच्यात तिसऱ्या प्रकारच्या माणसांची भर पडते. हीही हातात कागद घेऊन हिंडतात आणि त्यांच्याही चेहऱ्यावर तीच काळजी असते. ही माणसे म्हणजे बारावीत शिकणाऱ्या मुलांचे आईबाप.

असेच एक गृहस्थ एका संध्याकाळी माझ्याकडे आले. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, मूळचे नागपूरचे. मुलाला एका नामांकित खाजगी विद्यापीठात घालावे, असे त्यांच्या मनात होते. त्या विद्यापीठाच्या प्रवेशाचे नियम त्यांनी छापून आणले होते. ते म्हणाले, "अहो, तुमचा जन्म नियम वाचण्यात गेला. एवढे दोन कागद वाचून या मुलाला प्रवेश मिळेल की नाही ते सांगा."

मी मोठ्या विश्वासाने कागद हाती घेतले. पण वाचता वाचता माझा विश्वास डळमळू लागला. पात्रतेच्या सदराखाली एवढेच लिहिले होते की, उमेदवार मान्यताप्राप्त मंडळाची बारावीची किंवा तिच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण असावा. गुणांची अट नव्हती. मग पुढे बराच मजकूर होता : शालेय प्रगती, निबंध, अभिरुची चाचणी, शाळेबाहेरील उद्योग, मुलाखत. पण कोणत्या गोष्टीला किती गुण, याचा कोठेही उल्लेख नव्हता. शेवटी एक वाक्य होते की, अर्जाचा सर्वांगीण विचार करून निर्णय घेतला जाईल. सरकारी कचेरीत असा नियम कोणी मांडला असता, तर मी स्वतःच त्यावर शेरा मारून तो परत पाठवला असता!

त्या रात्री मी विचार करू लागलो आणि माझ्या ध्यानात आले की, आपल्या सर्वांचा घोटाळा दोन शब्दांत होतो. ते शब्द म्हणजे 'पात्रता' आणि 'निवड'. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या दोन शब्दांविषयी.

पात्रता म्हणजे उंबरठा. तो ओलांडला की तुम्ही ओसरीवर येता. माजघरात येत नाही. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'आवश्यक अर्हता' आणि 'इष्ट अर्हता' अशी दोन सदरे असतात. आवश्यक अर्हता नसेल तर अर्ज बाजूला पडतो; पण ती आहे म्हणून नेमणूक होत नाही. हे आम्हा नोकरशहांना पाठ असते. तरीही आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही ते विसरतो आणि 'नियमात बसतो, मग घेत का नाहीत?' असे विचारू लागतो.

आमची पिढी वाढली ती गुणांच्या यादीवर. निकाल लागला की महाविद्यालयाच्या फळ्यावर यादी लागे. शेवटच्या नावापुढे जो आकडा असेल, तो त्या वर्षीचा उंबरठा. त्या पद्धतीत पात्रता आणि निवड जवळजवळ एकच होती. तिच्यात कठोरपणा होता, पण संदिग्धता नव्हती. पुढे तो आकडा वर चढत गेला. २०११ साली दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने, ज्यांनी शाळेत वाणिज्य विषय घेतले नव्हते त्यांच्यासाठी, शंभर टक्क्यांची मर्यादा जाहीर केली आणि सारा देश चकित झाला. शंभरातून शंभर मागितल्यावर पुढे मागायचे तरी काय उरते? उंबरठा आढ्याला टेकला होता. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांनी बारावीचे गुण बाजूला ठेवून सामाईक प्रवेश परीक्षा आणली, त्यामागे अनेक कारणे असतील. पण गुणांनी माणसामाणसांतला फरक सांगणे सोडून दिले होते, हे त्यांतले एक खासच.

खाजगी विद्यापीठांनी या अडचणीतून दोन निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. त्या नीट ओळखल्या पाहिजेत. कारण एका वाटेची तयारी दुसऱ्या वाटेवर कामाला येत नाही.

पहिली वाट परीक्षेची. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे पिलानीचे बिर्ला तंत्रविज्ञान संस्थान. १९६४ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००४ पासून गोव्यातही त्याची शाखा आहे, त्यामुळे मराठी मुलांना ते परके नाही. पूर्वी तेथे बारावीचे गुण, निरनिराळ्या मंडळांत समतोल राखून, हिशेबात घेत. २००५ पासून 'बिटसॅट' नावाची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. तेथील अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीत पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित या तीन विषयांत मिळून पंचाहत्तर टक्के आणि प्रत्येक विषयात किमान साठ टक्के लागतात. ही झाली पात्रता. मंडळांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेशाची सोय आहे. ती वगळता निवड होते ती केवळ प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. म्हणजे बारावीला शहात्तर टक्के मिळवणारा आणि शहाण्णव टक्के मिळवणारा असे दोघे त्या उंबरठ्यावर सारखेच उभे असतात. एवढी साधी गोष्ट न कळल्यामुळे कित्येक मुले बारावीच्या दोन टक्क्यांसाठी रात्री जाळतात आणि ज्या परीक्षेवर सारे अवलंबून, तिची वेळ चुकवतात. तर दुसरी काही मुले नुसत्या प्रवेश परीक्षेच्या मागे लागून एखाद्या विषयात साठाच्या खाली घसरतात आणि जिंकलेला डाव घालवून बसतात.

दुसरी वाट अर्जाच्या समग्र वाचनाची. चंदिगडहून दिल्लीकडे जाताना सोनीपत लागते. तेथे २०१४ साली अशोका विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पुण्याचे फ्लेम, बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि आमच्या शेजारी मोहालीत २०२१ साली उघडलेले प्लाक्षा ही याच नव्या पिढीतली. यांच्या तपशिलांत फरक आहे, पण एक गोष्ट समान आहे. केवळ एका आकड्यावर ही विद्यापीठे थांबत नाहीत. नववीपासूनची प्रगती, स्वतःविषयीचे लेखन, एखादी चाचणी, समोरासमोर बसून केलेली विचारपूस, अशी निरनिराळी साधने कमीअधिक प्रमाणात वापरून उमेदवार कसा आहे हे ताडण्याचा त्यांचा प्रयत्न असतो.

या पद्धतीविषयी आपल्या मनात संशय येतो आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील जुन्या खाजगी विद्यापीठांत ही पद्धत रुजली, तिचा इतिहास फारसा उजळ नाही. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना आपल्या विद्यापीठात ज्यू विद्यार्थी फार झाले असे वाटू लागले. परीक्षेच्या गुणांवर तर ते विद्यार्थी सरस ठरत. तेव्हा 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' अशा मोजता न येणाऱ्या गुणांना प्रवेशाच्या वेळी महत्त्व आले आणि त्या शब्दांच्या आडून नको असलेल्यांना दार लावता आले. पुढे त्याच पद्धतीचा उपयोग, वंचित समाजांतील मुलांना जागा देण्यासाठीही झाला. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाच्या वेळी वंश विचारात घेण्यास मनाई केली आणि तो वाद पुन्हा नव्याने पेटला. सारांश, मोकळी ठेवलेली कसोटी दुधारी असते. ती ज्याच्या हाती असेल त्याच्या मनासारखी वळते.

पण बांधलेली कसोटी नेहमी न्यायी असते, असेही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातली एक हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १८७५ साली, पावसाळ्याच्या दिवसांत, कोकणातल्या मुरूडहून सोबत्यांसह पायी निघून, डोंगरघाट चढून ते साताऱ्याला परीक्षेसाठी गेले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट होती. परीक्षेला वयाची अट होती सतरा वर्षांची, आणि त्यांची सतरा वर्षे पुरी झाली होती. पण अंगलट किरकोळ. वरिष्ठांनी त्यांच्याकडे पाहिले, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि परीक्षेला बसू दिले नाही. पात्रतेची अट मुलाने पुरी केली होती; तिचा अर्थ लावणाऱ्याच्या डोळ्यांनी ती नापास केली. नियम कितीही काटेकोर असला तरी तो शेवटी कोणीतरी माणूसच वाचतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आणि गंमत पाहा. दारावरून परत फिरवलेल्या याच माणसाने १९१६ साली पुण्यात एक विद्यापीठ काढले. महिलांसाठीचे ते विद्यापीठ सरकारी नव्हते. म्हणजे आजच्या भाषेत खाजगीच. सर ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी १९२० साली मिळाली आणि कायद्याची मान्यता मिळण्यास तर १९५१ साल उजाडावे लागले. पण मला महत्त्वाची वाटते ती तेथील प्रवेशाची रीत. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचे दार इंग्रजीच्या किल्लीने उघडे. कर्व्यांनी इंग्रजी हा विषय ठेवला, पण शिक्षण मातृभाषेतून द्यायचे ठरवले आणि प्रवेश परीक्षाही आपली वेगळी घेतली. घरातून बाहेर पडण्याचीच ज्यांना चोरी होती, त्या मुलींना कोणते ज्ञान आणता येईल याचा विचार करून त्यांनी उंबरठा घडवला. प्रवेशाच्या अटी या कारकुनी बाबी नाहीत. संस्थेला कोण यायला हवे आहे, हे त्यांतून उघड होते. म्हणून माझे सांगणे असे की, कोणत्याही विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचताना इमारतींची चित्रे पाहू नका. प्रवेशाच्या अटी वाचा. ते त्या संस्थेचे खरे आत्मचरित्र असते.

आता पुन्हा सेक्टर ४३ मध्ये येऊ.

वरच्या मजल्यावरच्या मुलाचा अर्ज तयार झाला. तो एका सल्लागाराकडून करवून घेतला होता. निबंध मला वाचायला दिला. भाषा निर्दोष होती. हिमाचलातल्या एका खेड्यात पाच दिवस राहून आपल्याला दारिद्र्याची ओळख कशी झाली आणि आपले आयुष्य कसे बदलले, याचे त्यात वर्णन होते. मी त्या मुलाला विचारले, "त्या खेड्यात पाणी कुठून येते रे?" तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "काका, ते मला माहीत नाही. निबंध सरांनी लिहिलाय." मुलगा खरोखर गुणी आहे. जुन्या घड्याळांचे त्याला वेड. माझे बंद पडलेले मनगटी घड्याळ त्याने स्वतः उघडून चालू केले होते. पण त्या घड्याळाविषयी अर्जात एक शब्दही नव्हता. कारण घड्याळे दुरुस्त करणे हा काही 'उपक्रम' नव्हे, अशी घरच्यांची समजूत!

त्याच सुमारास आमच्या कचेरीतील गाडीचालकाची मुलगी बारावीत होती. सरकारी शाळेत शिकणारी, गणितात हुशार. मी तिच्या वडिलांना हे कागद दाखवले. त्यांनी प्रथम शुल्काचा रकाना पाहिला. वर्षाचा आकडा लाखांत होता. कागद घडी करून माझ्या हाती परत देत ते म्हणाले, "साहेब, ये हमारे लिए नहीं है।" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला अधिक लागले. त्यांना कोणी नाकारले नव्हते. त्यांनीच आपल्या मुलीचा अर्ज मनातल्या मनात फेटाळला होता.

पण त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते की, घरच्या परिस्थितीनुसार शुल्कात अंशतः किंवा पूर्ण सूट मिळू शकते आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे पान त्यांनी उलटलेच नव्हते. ज्यांच्यासाठी ते पान लिहिलेले असते, ते पहिल्या पानावरूनच परत जातात. मी हा दोष त्यांना देत नाही. सवलत बारीक अक्षरांत आणि शुल्क ठळक अक्षरांत छापणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

मुलगी माझ्याकडे आली. शाळेबाहेरील उद्योगांच्या रकान्यापाशी ती अडली होती. मला म्हणाली की, मी तर काहीच केलेले नाही. पोहणे नाही, वादविवाद नाही, बुद्धिबळ नाही. मी विचारले, शाळा सुटल्यावर काय करतेस? तेव्हा कळले की घरी दोन म्हशी आहेत. दुधाचा सगळा हिशेब चार वर्षे तीच ठेवते. गिऱ्हाइकांची उधारी, पेंडीचा खर्च, स्निग्धांशावर ठरणारा भाव, सारे तिच्या वहीत. एकदा डेअरीच्या हिशेबातली चूक तिने दाखवून दिली होती आणि फरकाची रक्कम परत मिळवली होती. मी म्हटले, "अगं, मग हेच लिही!" तिचा विश्वास बसेना. तेव्हा मी तिला सांगितले की, अमेरिकेतील शेकडो विद्यापीठांसाठी जो सामाईक अर्ज भरतात, त्यात उद्योगांच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा प्रकार नाव घेऊन दिलेला आहे. घरकाम ही लपवण्याची गोष्ट नाही. ती सांगण्याची गोष्ट आहे, हे तिकडच्यांनाही कळले आहे.

या दोन मुलांवरून मला जे उमजले, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, किमान अट ही किमानच असते. ती पुरी झाल्याने हक्क मिळत नाही, आणि ती पुरी होत असेल तर आपणच माघार घेण्याचेही कारण नाही. दुसरी, टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत करू नये. नव्वद टक्के म्हणजे शंभरातले नव्वद गुण. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे नव्वद तुमच्या मागे आहेत. पहिला आकडा तुमच्या उत्तरपत्रिकेविषयी बोलतो, दुसरा तुमच्या रांगेतल्या जागेविषयी. तिसरी, अधिवासाचा नियम पाहावा. हरियाणाच्या खाजगी विद्यापीठांच्या २००६ च्या कायद्यात राज्याच्या रहिवाशांसाठी किमान पंचवीस टक्के जागांची तरतूद आहे. चंदिगड हरियाणाची राजधानी आहे खरी, पण ते केंद्रशासित आहे. तेव्हा केवळ येथे राहिल्याने कोणी हरियाणाचा होत नाही. चौथी, अर्जाच्या अनेक फेऱ्या असतात. त्यांच्या तारखा आणि साहाय्याच्या अर्जाच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. त्या दारामागे चिकटवून ठेवाव्यात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून एका दिवसात मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आणि पाचवी गोष्ट, निबंध आपला आपण लिहावा. सल्लागाराकडून लिहून घेतलेला काय आणि हल्ली यंत्राकडून लिहून घेतात तो काय, दोन्ही उसनी वस्त्रे. काही विद्यापीठे उमेदवाराला समोर बसवून ऐन वेळी लिहायला सांगतात. उसने वस्त्र तेथे उतरवावे लागते.

विद्यापीठांकडूनही अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. 'सर्वांगीण विचार' हे शब्द पुरेसे नाहीत. कोणत्या गोष्टी पाहिल्या जातात, कोण पाहतो, किती जणांना साहाय्य मिळाले, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. अधिकार जितका मोकळा, तितका त्याचा हिशेब चोख हवा. हा आम्हा सरकारी नोकरांना लागू असलेला दंडक त्यांनाही लागू व्हायला हरकत नसावी.

वरच्या मजल्यावरच्या मुलाने पहिला निबंध बाजूला ठेवून घड्याळांवर नवा लिहिला. वडिलांना तो फारसा पसंत नाही. त्यात मोठे शब्द कमी आहेत, असे ते म्हणतात. गाडीचालकाच्या मुलीनेही अर्ज पाठवला आणि त्याबरोबर साहाय्याचा अर्जही. दोघांचाही निकाल अजून लागलेला नाही. तो काय लागेल, हे मी नियम कितीही वेळा वाचले तरी सांगू शकत नाही. आणि तसे सांगता येते असे जो म्हणेल, त्याच्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नये.

मात्र एक बदल माझ्या डोळ्यांदेखत घडला आहे. परवा सकाळी गाडीत बसलो तेव्हा आमच्या चालकाने आरशात पाहत मला विचारले, "साहेब, यंदा नाही झाले, तर आणखी कोणत्या विद्यापीठात अशी सूट असते?" कागदाची घडी करून परत देणारा माणूस आता दुसरे पान उलटू लागला होता. निवड कोणाची व्हावी हे आपल्या हाती नसते. पण आपल्या मुलाचा अर्ज आपणच फेटाळायचा नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे.